तिसऱ्या वळणावर उडणाऱ्या गोट्या

बेलार्मिनो केसादाला कुणी "कसा आहेस?" असं विचारलं, की तो आधी "का?" असं विचारायचा. शेजारणीनं पेरूच्या वड्या पाठवल्या, तर वडीकडे बघायच्या आधी तो शेजारणीकडे बघायचा. डॉमिनोच्या टेबलावर त्याचा जोडीदार व्हायला कुणी राजी नसे, कारण समोरच्यांना सोडून तो आपल्या जोडीदारावरच नजर ठेवून असायचा. एकुलती मुलगी लग्न होऊन सिएन्फुएगोस शहरात गेली तेव्हा जावई कुठल्या आळीचा, याची त्यानं कसून चौकशी केली होती. तिथे आळ्या-बिळ्या काही नाहीत, असं लोकांनी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "असं दाखवत असतील."

त्याच्या हाताला मात्र कुणी नाव ठेवलं नसतं. साखर कारखान्याच्या दुरुस्तीखात्यात त्याची उमर गेली आणि घरी तो गावाचे पंखे, कुकर, शिलाईयंत्रं दुरुस्त करायचा. दुरुस्त केलेल्या पंख्यावरही त्याचा भरवसा नसे. तो पंखा दिवसभर चालू ठेवून हा समोर खुर्ची टाकून बसायचा, पंखा आपल्याला फसवतोय का ते बघत. त्यामुळे त्याच्याकडून आलेली वस्तू सहसा परत बिघडत नसे. संशयानं त्याच्या घशाखाली सुखाचा घास उतरू दिला नाही, पण आमच्या सान्ता इनेस गावातल्या निम्म्या घरांना वारा मिळाला तो त्याच संशयामुळे.

आता हा स्वभाव निव्वळ त्याचाच होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. आमचं गावच तसं आहे. चर्चच्या चौकाच्या अलीकडे खेकडेवाले राहतात, पलीकडे बगळेवाले. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, विचारू नका. डिसेंबरात दोन्ही आळ्यांची जत्रा असते आणि तिच्यासाठी प्रत्येक आळी बंद दारामागे काहीतरी बनवत असते. समोरची आळी काय बनवते आहे ते हुडकून काढणं हा आमच्याकडे पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचा धंदा. लोक कचऱ्याच्या टोपल्या उपसतात, सुताराच्या अंगावरचा भुसा कुठल्या लाकडाचा ते हुंगून बघतात. निकाल द्यायला पंच नसतो. जत्रा संपली की दोन्ही आळ्या आपणच जिंकलो म्हणतात आणि समोरच्याची खोटी शवपेटी वाजतगाजत मिरवतात. एकच गोष्ट नाकारता येत नाही, ती म्हणजे हसू. ज्या आळीवर सगळा चौक हसला, तिला वर्षभर मान खाली घालून पाव आणायला जावं लागतं.

बेलार्मिनो खेकडा, अगदी पणज्यापासून. आणि त्याची बायको नेरेइदा बगळी. नुसती बगळी असती तरी चाललं असतं. तिचा भाऊ ओरेस्तेस बगळ्यांचा म्होरक्या होता आणि जत्रेत बगळ्यांचं निशाण दरवर्षी नेरेइदाच्या हाती असायचं. ती चौकातून निशाण घेऊन निघाली की बगळ्यांच्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. अशी लग्नं आमच्याकडे होतात, टिकतातही. नियम इतकाच, की जत्रेच्या महिन्यात नवराबायकोनं जत्रा या एका विषयावर तोंड उघडायचं नाही. पूर्वी अशा बायका त्या महिन्यात सरळ माहेरी जायच्या. पुढे ती चाल मागे पडली, कारण नवऱ्यांना उपाशी राहवेना. नेरेइदा आणि बेलार्मिनोनं सगळा संसार हा नियम पाळून केला होता. डिसेंबरात त्यांच्या घरी वाल, भात आणि हवापाणी, एवढ्याच गोष्टींवर बोलणं व्हायचं.

ते वर्ष वाईट होतं. रशियाची जहाजं यायची थांबली होती, पेट्रोल नव्हतं, वीज असली तर असली. चित्ररथाला लाकूड नाही, रोषणाईला दिवे नाहीत, फटाक्यांना दारू नाही. जत्रा बंदच पडायची. शेवटी दोन्ही आळ्यांच्या म्होरक्यांनी चौकातल्या बाकावर बसून, एकमेकांकडे न बघता, ठरवलं की यंदा प्रत्येक आळीनं एका टेबलावर मावेल असा एकच नवलाचा प्रकार करायचा आणि तो दिवसाउजेडी चर्चच्या पायऱ्यांवर मांडायचा.

खेकड्यांचा म्होरक्या उर्सिनो त्याच दुपारी बेलार्मिनोकडे आला. यंदा आळीची लाज तुझ्या हातात आहे, असं म्हणाला. "मलाच का?" बेलार्मिनोनं विचारलं. उर्सिनो म्हणाला, "दुसरा कुणी हाताशी नाही म्हणून." या उत्तरावर त्याचा चटकन विश्वास बसला. जाताना उर्सिनो स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणाला, "मिस्त्री, घरात बगळी आहे, एवढं ध्यानात ठेव." ध्यानात ठेवायची गरज नव्हती. बेलार्मिनो ते लग्नाच्या दिवसापासून विसरला नव्हता.

मागच्या अंगणात डुकराची खोली होती. डुक्कर ईस्टरलाच संपलं होतं. तिथे त्यानं बस्तान मांडलं आणि गोट्यांचं यंत्र बनवायला घेतलं. डॉक्टरची मोस्कविच गाडी पेट्रोलवाचून दाराशी उभीच होती; तिच्या काचेवरचे पुसणे फिरवणारी मोटर त्यानं मागून आणली. ती मोटर सावकाश फिरते, पण दमदार. चालवायला त्याच गाडीची बॅटरी. सायकलची जुनी साखळी उभी बसवून तिच्यावर औषधाच्या बाटल्यांची झाकणं जोडली, म्हणजे खालच्या ताटलीतली एकेक गोटी झाकणात बसून वर जाणार आणि माथ्यावर कलंडणार. तिथून खाली यायला जाड तारेचे रूळ. चौकट पलंगाच्या फळ्यांची, पन्हळ चिरलेल्या बांबूची, पत्रा बिअरच्या डब्यांचा. काचेच्या गोट्या त्यानं खेकड्यांच्या पोरांकडून जमवल्या आणि कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही. कमी पडल्या तेव्हा अत्तराच्या रिकाम्या कुप्यांच्या तोंडाशी बसवलेले प्लास्टिकचे गोळे काढले. गोटी तीन वळणं घेत उतरायची आणि शेवटी पत्र्याच्या खेकड्याच्या पाठीवर आपटायची. खेकडा नांगी मिटून लाकडी बगळ्याचा पाय धरायचा, बगळा मान वर टाकून चोच वासायचा. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा बेलार्मिनो एकटाच खोलीत हसला आणि मग कुणी ऐकलं का ते बघायला बाहेर येऊन गेला.

पण तिसऱ्या वळणाला खोट होती. खेकड्याच्या अगदी आधीचं हे वळण. तिथे गोटी वेगानं यायची आणि रूळ सोडून बाहेर उडायची. दहांतल्या निम्म्या जायच्या, उरलेल्या उडायच्या. त्यानं तार घासली, वळण रुंद केलं, अरुंद केलं, साखळीचा वेग कमी केला. गोटी उडायची ती उडायचीच. जमिनीवर पडलेल्या गोट्या वेचता वेचता त्याची कंबर मोडली. जेवणाचं ताट समोर यायचं तसं परत जाऊ लागलं.

नेरेइदा कॉफी आणून खोलीच्या दाराबाहेर ठेवायची आणि काही न विचारता निघून जायची. नियमच होता तसा. पण आता बेलार्मिनोच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. सगळा गाव नाक खुपसतो आहे, आणि ही एकटी विचारत कशी नाही? ज्याला माहीत असतं तोच विचारत नाही. त्यानं दाराच्या कडीला दोरा बांधायला सुरुवात केली. उंबरठ्यावर चुलीतली राख पसरून ठेवू लागला. नेरेइदा अलीकडे आईला कसावाचे कंद द्यायला फार वेळा पलीकडे जाते, हेही त्याला दिसलं. म्हातारीला दात किती आणि ती कसावा खाते किती, असा हिशोब तो मनात करत बसायचा.

एकदा पावाच्या रांगेत ओरेस्तेसशी गाठ पडली. मेहुणा खदखदा हसत म्हणाला, "काय दाजी, म्हातारपणी गोट्या खेळायला लागलात म्हणे?" बेलार्मिनोच्या पायाखालची जमीन सरकली. आता, आळीतल्या पोरांच्या खिशातल्या गोट्या एकाएकी नाहीशा झाल्या तर ती पोरं शाळेत बोंबलणारच, आणि शाळा तर दोन्ही आळ्यांची एकच. हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण बेलार्मिनोला कळलं नाही, कारण त्याला भलतंच कळून चुकलं होतं. पाव न घेताच तो घरी आला आणि थेट मागच्या खोलीकडे गेला.

दोरा जागच्या जागी होता. राखही होती. पण राख फार नीट पसरलेली होती, एकसारखी, पिठाची पोळी लाटावी तशी. तो स्वतः राख कशीतरी भिरकावायचा. आत येऊन त्यानं यंत्र नखशिखांत तपासलं. तिसऱ्या वळणाशी, बाहेरच्या तारेखाली, लाकडाची छोटीशी पाचर सरकवलेली होती. कपडे वाळत घालायच्या चिमट्याची ती अर्धी फाळकी होती. तसे चिमटे घरात एकच माणूस वापरायचं.

त्यानं यंत्र चालवून बघितलं नाही. बघायचं कशाला? शत्रूची वस्तू यंत्रात असताना ते चाललं काय आणि थांबलं काय, दोन्ही सारखंच. आज चालेल आणि ऐन चौकात दगा देईल, अशीच ती बसवलेली असणार. आमच्या गावात कुठल्याही माणसाला हेच वाटलं असतं. समोरच्या आळीचा हात आपल्या कामाला लागला तर तो मोडायलाच लागला, याच्यापलीकडे आमचं डोकं जात नाही. त्यानं पाचर उपसून खिशात टाकली आणि उर्सिनोकडे गेला.

उर्सिनोनं पाचर उलटसुलट करून बघितली. "घरभेदी," एवढंच म्हणाला. मग हुकूम सोडला की यंत्र आजच त्याच्या कोठारात हलवायचं, आणि बाईला जुन्या चालीप्रमाणे माहेरी पाठवायचं. पहिलं काम चौघांनी मिळून चादरीत गुंडाळून केलं. दुसरं एकट्या बेलार्मिनोचं होतं.

नेरेइदा इस्त्री करत होती. त्यानं पाचर टेबलावर ठेवली. तिनं बघितली, पण इस्त्री थांबवली नाही.

"ही तुझी?"

"चिमटा माझा."

"खोलीत गेली होतीस?"

"गेले होते."

तो वाट बघत राहिला. ती रडेल, शपथा घेईल, निदान कांगावा तरी करेल, असं त्याला वाटलं होतं. त्यातलं काही झालं नाही, आणि न झाल्यानं त्याचा संशय आणखीच पक्का झाला. जत्रा होईपर्यंत आईकडे जाऊन राहा, असं त्यानं सांगितलं. असं उर्सिनोचं म्हणणं आहे, असंही सांगितलं.

"आणि तुझं?" नेरेइदानं विचारलं.

त्यानं खांदे उडवले. तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि कपड्यांची घडी घातली. आधी त्याच्या शर्टांची, मग स्वतःच्या दोन झग्यांची. झगे पिशवीत भरून ती दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "ती होती तिथे परत ठेव. काढू नकोस. बाकी तुला सांगून उपयोग नाही."

झालं. शत्रू स्वतःच्या तोंडानं सांगतोय की काढू नकोस. यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या कोर्टात मिळाला असता? बेलार्मिनोनं ती फाळकी चुलीत टाकली. कोठारात जाऊन तिसऱ्या वळणाला त्यानं बिअरच्या डब्याच्या पत्र्याची उंच भिंत ठोकली. गोट्या भिंतीला थडकून परत रुळावर यायला लागल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. उर्सिनो खूश झाला. बेलार्मिनो समोर खुर्ची टाकून बसला आणि पहिल्यांदाच त्याचं लक्ष यंत्राकडे नव्हतं. घरी जाऊन त्यानं थंड भात खाल्ला. कॉफी कुठल्या डब्यात असते ते त्याला सापडेना, आणि ती मुद्दाम लपवून गेली असेल, असाही विचार एकदा त्याच्या मनात येऊन गेला.

जत्रेच्या दिवशी चौक भरून गेला. वर्ष भुकेचं असलं तरी लोकांनी कपडे धुऊन, केस विंचरून हजेरी लावली होती. आधी पाळी बगळ्यांची होती. त्यांनी मांडलं एक साबणाच्या फुग्यांचं कारंजं, सायकलच्या पंपावर चालणारं. फुगे चांगले उडाले, पण साबण मिळवायला त्यांच्या बायकांनी महिनाभर भांडी राखेनं घासली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. खेकड्यांनी चिडवायला शिट्ट्या वाजवल्या. ओरेस्तेसच्या शेजारी नेरेइदा बगळ्यांचं निशाण धरून उभी होती. बेलार्मिनोनं तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तो तिच्याकडेच बघत होता.

मग चादर ओढली गेली आणि खेकड्यांच्या पिपाण्या वाजल्या. मोटर फिरली. पहिली गोटी वर गेली, कलंडली, तारेवरून उतरली, खेकड्याच्या पाठीवर आपटली. नांगी मिटली, बगळ्यानं चोच वासली. खेकड्यांच्या बाजूनं गर्जना झाली. दुसरीही तशीच उतरली. पण पायऱ्या पडल्या जुन्या, झिजलेल्या, आणि टेबल एका बाजूला बोटभर कलतं होतं. तिसरी गोटी पत्र्याच्या भिंतीवरून सरळ उडाली. चौथी भिंतीला लागून पत्राच घेऊन गेली. त्यानंतर एकही थांबली नाही. यंत्र इमानदारीनं गोट्या वर नेत होतं आणि तिसरं वळण इमानदारीनं त्या चौकात फेकत होतं. गोट्या पायऱ्यांवरून टणाटण उतरत लोकांच्या पायांत गेल्या. ढोलवाल्याचा पाय घसरला आणि तो ढोलासकट बसला.

आधी बगळे हसले. मग खेड्यांवरून आलेले लोक हसले. शेवटी काही खेकड्यांनाही हसू आवरलं नाही, आणि ते फार वाईट होतं. उर्सिनोचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यानं बेलार्मिनोच्या दंडाला धरून विचारलं, हे काय आहे. आणि बेलार्मिनोनं सगळ्या चौकासमोर हात वर करून बायकोकडे बोट दाखवलं.

"तिनं केलंय. चोरून माझ्या खोलीत शिरली होती. यंत्रात पाचर घातली होती तिनं, मी स्वतः काढली. तेव्हाच सगळं बिघडवून ठेवलं असणार."

मग बगळ्यांच्या बाजूनं जो जल्लोष उठला तसा आम्ही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ओरेस्तेसनं बहिणीला मिठी मारली. खेकड्याच्या घरात राहून, त्याचं मीठ खाऊन, ऐन वेळी त्याची नांगी मोडणारी बगळी! म्हाताऱ्या तिच्या कपाळाचे मुके घ्यायला लागल्या. कुणीतरी तिला खांद्यावर घ्यायला वाकलं. तिनं काही केलं नसतं, नुसती गप्प राहिली असती, तरी बगळ्यांच्या नातवंडांनी तिचं नाव घेतलं असतं.

नेरेइदानं खांद्यावर घ्यायला आलेल्या माणसाला बाजूला सारलं.

"मी काही बिघडवलं नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ती चौकात बोलायला सरावलेली बाई होती. "पाचर मी लावली. गोट्या पडू नयेत म्हणून लावली. रोज भिंतीआडून ऐकत होते. दोन वळणं नीट जायची आणि तिसऱ्याला जमिनीवर टप्प. हा जेवत नव्हता. बाहेरची तार जराशी उचलली की गोटी आत कलते. अंगणातली पन्हळ मी तशीच टेकवते, नाहीतर पाणी बाहेर सांडतं. एवढंच केलं. काढू नकोस, असंही याला सांगितलं होतं."

तिनं काय सांगितलं ते आमच्या गावात प्रत्येकाला नीट कळलं. बगळ्यांचं निशाण धरणाऱ्या बाईनं खेकड्यांच्या कामाला हात लावला होता, तेही ते चालावं म्हणून. चोरी, मारामारी, दुसऱ्याच्या बायकोबरोबर पळून जाणं, या सगळ्याला आमच्याकडे माफी आहे. याला नाही. ओरेस्तेसनं बहिणीच्या हातातून निशाण काढून घेतलं आणि शेजारच्या बाईच्या हाती दिलं. मघाशी मुके घेणाऱ्या म्हाताऱ्या दोन पावलं मागे सरल्या. नेरेइदा गर्दीतून एकटी निघाली आणि लोकांनी तिला नको तितकी वाट करून दिली. आई जिवंत होती म्हणून माहेरचं दार तरी उघडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळ्यांनी खेकड्यांची शवपेटी काढली. आत वेचलेल्या गोट्या भरल्या होत्या आणि नाचणारे ती पेटी खडखडा हलवत होते. बेलार्मिनोच्या दाराशी त्यांनी ती जास्तच हलवली. तो आत बसून होता. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, अशी त्याची गत. आळी हरली, बायको गेली आणि यंत्र चौकातून आणून कुणीतरी अंगणात टाकलं होतं.

मिरवणूक गेल्यावर उर्सिनो चार माणसं घेऊन आला. त्यानं रात्रभर विचार केला होता. तो म्हणाला, "मिस्त्री, ती बगळी आहे. बिघडवलं तिनंच, आणि चौकात साधीभोळी बनली. खरं का खोटं ते बघणं काय अवघड आहे? चिमटा फोड, पाचर लाव, यंत्र चालव. गोट्या गेल्या तर ती खरी. उडाल्या तर खोटी, आणि मग आपण हरलोच नाही. आपल्याला दगा झाला. दूध का दूध, पाणी का पाणी."

यात चुकीचं काही नव्हतं. बेलार्मिनो जन्मभर हेच करत आला होता. तो उठला, दोरीवरचा एक चिमटा काढून फोडला आणि यंत्राशी गुडघे टेकून बसला. घरात उरलेल्या मूठभर गोट्या ताटलीत टाकून त्यानं बॅटरीची तार हातात घेतली. चारपाच माणसं वाकून वळणाकडे बघत होती. त्यालाही बघायचं होतं. गोट्या नीट गेल्या असत्या तर किती सुटल्यासारखं झालं असतं! मग ताठ मानेनं पलीकडे गेला असता आणि बायकोला सांगितलं असतं, तू खरी निघालीस.

आणि तिथेच त्याचा हात थांबला. खरी निघालीस. म्हणजे गोट्यांनी तिच्या बाजूनं साक्ष दिली म्हणून. पोरांच्या खिशातल्या गोट्यांवर भरवसा ठेवायचा, आणि जिनं आपल्या हातातलं निशाण घालवून भर चौकात खरं सांगितलं तिच्यावर नाही? त्याला स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्याला आधी कधी वाटली नव्हती, कारण आधी कधी तो चुकलाय असं त्याला वाटलंच नव्हतं.

त्यानं पक्कड घेतली आणि तिसरं वळण कापून काढलं. मग दुसरं, मग पहिलं. तारा वाकवून त्यांचं भेंडोळं केलं. उर्सिनो ओरडायला लागला की तू पुरावा मोडतोयस, तूही तिला सामील आहेस. बेलार्मिनो म्हणाला, "तिनं सांगितलं ना." तेवढ्यानं कुणाचं समाधान झालं नाही. जाता जाता एकजण त्याच्या उंबरठ्यावर थुंकला.

मग त्यानं इस्त्री केलेला शर्ट घातला आणि चौक ओलांडून बगळ्यांच्या आळीत शिरला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, हरलेला खेकडा, एकटा. असं कुणी करत नाही. खिडक्याखिडक्यांतून लोकांनी विचारलं, दाजी, आता काय हेरायला आलात, ढोलवाल्याची तब्येत विचारायला आलात का. पोरांनी त्याच्या पायांत त्याच्याच गोट्या सोडल्या. तो त्या ओलांडत सासूच्या दाराशी गेला आणि त्यानं कडी वाजवली.

दार नेरेइदानं उघडलं. हातात तांदूळ निवडायचं ताट होतं. ती आत ये म्हणाली नाही.

बोलायचं त्यानं बरंच ठरवलं होतं. त्यातलं निम्मंच बाहेर आलं. माझं चुकलं, असं म्हणाला. तुझं खरं होतं, असं म्हणाला.

"पाचर लावून चालवून बघितलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग कशावरून खरं?"

"तू म्हणालीस."

नेरेइदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, अगदी बारकाईनं, डोळे बारीक करून. तसं बघायला ती त्याच्याजवळच शिकली असणार.

"चालवलं असशील," ती म्हणाली. "नीट चाललं असेल, म्हणून आला असशील."

"शपथ घेतो. मोडून टाकलं मी ते. चल, दाखवतो."

"चालवून झाल्यावरही मोडता येतं."

दाखवायला काही नव्हतं. साक्षीला उर्सिनो होता, पण उर्सिनोच्या साक्षीला या आळीत काय किंमत? आपण खरं बोलत असताना समोरच्या माणसाला ते पटत नाही, तेव्हा मनाचं काय होतं, हे त्याला या वयात पहिल्यांदा कळलं. तिला ते इतकी वर्षं, रोजच्या रोज कळत आलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

आतून म्हातारीनं कोण आहे म्हणून हाक दिली. "कुणी नाही, बेलार्मिनो आहे," नेरेइदा म्हणाली. मग ताटातला एक खडा उचलून तिनं रस्त्यावर टाकला.

"उद्या ये," ती त्याला म्हणाली. "उद्याही हेच सांगितलंस तर बघू."

तो दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. बगळ्यांची पोरं आता त्याच्या पायांत गोट्या सोडायची थांबली होती, आणि खेकड्यांच्या आळीत त्याला कुणी पंखा दुरुस्तीला देत नव्हतं.